इंदिरा गांधी यांची राजकीय कारकीर्द : कोकणातील वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले आणि संध्याकाळी वर्तमानपत्रे चाळायला येणारी वयस्क मंडळी एकाच लांब टेबलाशी बसतात, त्यामुळे एखाद्या मुलाने विचारलेल्या साध्या तारखेवरून अर्धा तास वाद रंगणे ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट आहे. भारताच्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला पंतप्रधानांविषयी असे वाद सर्वाधिक होतात, आणि पुस्तके सांभाळणारा म्हणून निवाडा करण्याचे काम माझ्याकडे येते. त्यातून जमलेले प्रश्न व त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरात जेथे माझे मत आले आहे, तेथे ते मत म्हणूनच वाचावे.

इंदिरा गांधी या जगातील पहिल्या महिला पंतप्रधान होत्या का?

नाही. सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, सिरिमावो बंदरनायके यांनी २१ जुलै १९६० रोजी पंतप्रधानपद स्वीकारले आणि तो मान त्यांच्याकडे गेला. इंदिरा गांधींचा शपथविधी २४ जानेवारी १९६६ रोजी झाला, म्हणजे त्या दुसऱ्या. इस्रायलच्या गोल्डा मेयर १९६९ मध्ये तिसऱ्या. मुलांची आणखी एक गल्लत हमखास होते. पंतप्रधान हे सरकारचे प्रमुख असतात, राष्ट्राचे प्रमुख राष्ट्रपती असतात, आणि राष्ट्रपतिपदावर पहिली महिला, प्रतिभा पाटील, २००७ मध्ये आल्या. मुख्यमंत्रिपदाचा प्रश्न पुन्हा वेगळा: उत्तर प्रदेशच्या सुचेता कृपलानी १९६३ मध्ये देशातील पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर गोव्यात शशिकलाताई काकोडकर यांनी वडील दयानंद बांदोडकर यांच्या निधनानंतर ऑगस्ट १९७३ मध्ये ते पद सांभाळले.

जुनी माणसे त्यांना ‘इंदिराबाई’ का म्हणतात?

मराठीत कर्त्या स्त्रीच्या नावापुढे ‘बाई’ लावणे ही आदराची रीत आहे, आणि मराठी वर्तमानपत्रांनीही ती सर्रास पाळली. कोकणातील समाजवादी कार्यकर्ते नुसते ‘बाई’ म्हणत, आणि त्या एका शब्दात आदर व राग दोन्ही मावत असे.

त्यांचे शिक्षण महाराष्ट्रात झाले होते, हे खरे का?

काही भाग झाला होता. त्यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१७ रोजी अलाहाबादचा; परंतु वडील जवाहरलाल नेहरू वारंवार तुरुंगात आणि आई कमला आजारी, अशा काळात त्यांना पुण्याच्या ‘प्युपिल्स ओन स्कूल’ या शाळेत ठेवण्यात आले होते. तेथून त्या १९३४ मध्ये शांतिनिकेतनला आणि पुढे ऑक्सफर्डला गेल्या. महाराष्ट्राशी त्यांचा दुसरा संबंध अधिक महत्त्वाचा आहे आणि तो फारसा आठवला जात नाही. १९५९ मध्ये त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले होते, आणि द्विभाषिक मुंबई राज्य मोडून दोन राज्ये करावीत या बाजूने त्यांनी वजन टाकले. १ मे १९६० चे श्रेय अर्थातच आंदोलनाचे आणि हुतात्म्यांचे आहे. पण दिल्लीचे मन वळले, त्यात या अध्यक्षांचा वाटा होता.

नेहरूंची मुलगी म्हणूनच त्या पंतप्रधान झाल्या ना?

आडनाव नसते तर संधी मिळाली नसती, हे मान्य करावे लागेल. तरीही खुर्ची वडिलांकडून मुलीकडे थेट आली नाही. नेहरूंचे निधन २७ मे १९६४ रोजी झाले आणि पंतप्रधान झाले लालबहादूर शास्त्री; इंदिरा गांधी त्यांच्या मंत्रिमंडळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळत होत्या. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला शास्त्रीजींचा अकस्मात मृत्यू झाल्यावर काँग्रेसच्या संसदीय पक्षात चक्क मतदान झाले. इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजी देसाई यांना १६९ मते पडली. त्यांना निवडून आणणाऱ्या कामराजांसारख्या बुजुर्ग नेत्यांचा हिशेब असा होता की, मोरारजी कोणाचे ऐकणार नाहीत, ही मुलगी ऐकेल. राममनोहर लोहिया यांनी त्यांना ‘गूंगी गुडिया’ म्हटले होते, असे सांगतात. पहिल्या वर्षी तो हिशेब बरोबर वाटावा अशीच स्थिती होती: दुष्काळ, परदेशी धान्य, आणि ६ जून १९६६ चे रुपयाचे अवमूल्यन, ज्यामुळे ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या जागा २८३ पर्यंत घसरल्या.

गोवा महाराष्ट्रात आला नाही, तो त्यांच्यामुळे का?

सिंधुदुर्गात हा प्रश्न अजूनही जरा चढ्या आवाजात विचारला जातो. विलीनीकरण करायचे की केंद्रशासित प्रदेश ठेवायचा, यासाठी त्यांच्या सरकारने जनमत कौलाचा कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांनी मतदान केले. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली, म्हणजे फरक ३४,०२१ मतांचा. निर्णय दिल्लीने लादला नाही, तो मतपेटीतून आला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून विलीनीकरणवादी बांदोडकरांचे सरकार आधी पायउतार झाले होते, हेही वाद घालताना ध्यानात ठेवावे.

बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने आपल्याकडे नेमके काय बदलले?

आधी दिल्लीतील घडामोडी पाहू, कारण इंदिरा गांधींची कार्यशैली येथे पहिल्यांदा उघड झाली. १६ जुलै १९६९ रोजी त्यांनी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले आणि तीन दिवसांत, १९ जुलैला, वटहुकूम काढून १४ मोठ्या बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या. ज्यांच्या ठेवी ५० कोटींच्या वर, त्या बँका. पुढच्या महिन्यात राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले आणि इंदिरा गांधींचा पाठिंबा असलेले व्ही. व्ही. गिरी निवडून आले. नोव्हेंबरमध्ये पक्षाने इंदिरा गांधींना काढून टाकले आणि काँग्रेस दुभंगली. सर्वोच्च न्यायालयाने बँकांचा कायदा फेब्रुवारी १९७० मध्ये रद्द ठरवला, तर सरकारने नुकसानभरपाई वाढवून तो पुन्हा आणला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला अर्थमंत्री या नात्याने त्यांनी अंदाजपत्रक मांडले. ते मांडणाऱ्या त्या पहिल्या महिला.

कोकणात तोवर पैसा म्हणजे मुख्यतः मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर होती. ती पोस्टमन दारात आणून देई आणि बहुधा महिनाअखेरीपूर्वी संपून जाई. कर्ज लागले तर सावकार, दागिना किंवा कलमांच्या बागेचा बहर आगाऊ विकणे, एवढे मार्ग होते. राष्ट्रीयीकरणानंतर अग्रणी बँकेची योजना आली, जिल्हे बँकांना वाटून देण्यात आले, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाची जबाबदारी बँक ऑफ इंडियाकडे आहे. माझ्या आईच्या ट्रंकेत तिचे पहिले पासबुक अजून आहे. आतल्या नोंदी शाईच्या, शिक्का जांभळा, आणि पहिली जमा पाच रुपयांची. खातेदाराच्या सहीच्या जागी अंगठा आहे, कारण बँक गावात आली तरी तिला अक्षरओळख व्हायला आणखी काही वर्षे लागली. याच बँकांनी पुढे होड्यांच्या इंजिनांना कर्जे दिली आणि त्यातली काही बुडवलीही गेली, हे दोन्ही सांगितले पाहिजे.

नाथ पै आणि इंदिरा गांधी विरोधक होते, मग त्यांचे नाव एकत्र का घेतले जाते?

हा माझा आवडता प्रश्न आहे. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९६७ मध्ये असा निर्णय दिला की, मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. संसद लोकांची आहे, तिचा तो अधिकार परत मिळाला पाहिजे, अशा भूमिकेतून नाथ पै यांनी खासगी विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही आणि जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी, लोकसभेत ३५२ जागा मिळवून आलेल्या इंदिरा गांधींनी चोविसाव्या घटनादुरुस्तीने नेमके तेच साधले. एका समाजवाद्याने लोकांच्या संसदेसाठी मागितलेला अधिकार असा प्रचंड बहुमताच्या सरकारच्या हाती पडला. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने त्याला ‘मूलभूत चौकटी’ची, म्हणजे घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येणार नाही अशी, मर्यादा घातली नसती, तर आणीबाणीत काय झाले असते याचा विचार नाथ पै यांच्या चाहत्यांनीही करावा असे मला वाटते.

संस्थानिकांचे तनखे बंद झाले, त्यात सावंतवाडीचाही होता का?

होय. डिसेंबर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने देशभरातील माजी संस्थानिकांचे तनखे आणि खास अधिकार एकदम संपले. सावंतवाडी आणि जंजिरा त्यांत आलेच.

१९७१ च्या युद्धाचे श्रेय त्यांना किती द्यावे?

लढाई सैन्याने जिंकली. त्यांचे श्रेय लढाईच्या आधीच्या आठ-नऊ महिन्यांत आहे. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित येत असताना त्यांनी सेनापतींना तयारीसाठी वेळ दिला, ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार केला, आणि अमेरिकेचा दबाव अंगावर घेतला. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी हाती आले. दर्यावर्दी घरांना यातील दोन रात्री अधिक जवळच्या आहेत: ४ डिसेंबरची, क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला ती, जिच्या स्मरणार्थ नौदल दिन पाळला जातो, आणि ९ डिसेंबरची, दीवजवळ ‘खुखरी’ ही युद्धनौका १७६ नौसैनिक आणि १८ अधिकाऱ्यांसह बुडाली ती.

आणीबाणी का लागली, आणि कोकणात तिचा अनुभव काय होता?

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी, प्रतिस्पर्धी उमेदवार राज नारायण यांच्या अर्जावर, इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. गैरप्रकार मोठे नव्हते: सरकारी नोकरीत असलेल्या माणसाची प्रचारात मदत घेणे, व्यासपीठासाठी सरकारी यंत्रणा वापरणे. पण शिक्षा सहा वर्षांच्या अपात्रतेची होती. सर्वोच्च न्यायालयाने २४ तारखेला सशर्त स्थगिती दिली. त्या पंतप्रधान राहू शकत होत्या, लोकसभेत मत देऊ शकत नव्हत्या. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. बँकांच्या वेळी जी तडफ कौतुकाची वाटली होती, तीच येथे भयंकर झाली. पद्धत एकच होती: आधी सही, मग चर्चा.

राजापूरचे खासदार मधु दंडवते त्या वेळी संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. त्यांना वाजपेयी आणि अडवाणी यांच्याबरोबर तेथेच अटक झाली. प्रमिलाताई दंडवते येरवड्याच्या तुरुंगात होत्या. पती एका राज्याच्या तुरुंगात, पत्नी दुसऱ्या राज्याच्या, आणि मध्ये सेन्सॉरच्या हातून जाणारी पत्रे. गावोगावी मात्र लोकांना राजकारणापेक्षा नसबंदीची धास्ती अधिक होती. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ‘गाड्या वेळेवर धावत होत्या’ असे आजही ऐकू येते. रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा रेल्वेच नव्हती, असे आमचे एक ज्येष्ठ सदस्य त्यावर शांतपणे सांगतात.

सिंधुदुर्गाने त्यांना कधी मत दिले का?

पक्षाला मते पुष्कळ पडली, जागा कधी मिळाली नाही. १९५७ ते १९८९ या काळात, सिंधुदुर्गाचा भाग ज्यात होता त्या राजापूर मतदारसंघाने आधी नाथ पै आणि मग दंडवते यांनाच दिल्लीला पाठवले. १९७१ मध्ये ‘गरिबी हटाव’च्या लाटेत देशभर विरोधक वाहून गेले तेव्हाही, आणि १९८० मध्ये त्या ३५३ जागा घेऊन परतल्या तेव्हाही. मार्च १९७७ मध्ये त्या स्वतः रायबरेलीत ५५,२०२ मतांनी पराभूत झाल्या, आणि नव्या जनता सरकारात दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर फोमची गादी आली ती त्यांच्या काळात.

पराभवानंतर त्या इतक्या लवकर परत कशा आल्या?

विरोधकांच्या भांडणांमुळे बरेचसे, आणि स्वतःच्या चिकाटीमुळे उरलेले. जानेवारी १९७८ मध्ये त्यांनी पक्ष पुन्हा फोडला. निवडणूक चिन्ह गाय-वासरू जाऊन हाताचा पंजा आला. नोव्हेंबरमध्ये कर्नाटकातल्या चिकमगळूरहून त्या लोकसभेत आल्या, तर महिनाभरात सभागृहाने हक्कभंगासाठी त्यांचे सदस्यत्व रद्द करून त्यांना अधिवेशन संपेपर्यंत तिहारला पाठवले. त्या तुरुंगवासाने सहानुभूती त्यांच्याकडे वळली. जनता सरकार १९७९ मध्ये कोसळले आणि १४ जानेवारी १९८० रोजी त्यांनी पुन्हा शपथ घेतली. पाच महिन्यांनी, २३ जूनला, धाकटा मुलगा संजय विमान अपघातात गेला.

अंतुले यांना मुख्यमंत्री कोणी केले?

इंदिरा गांधींनीच. रायगडमधील आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले पडत्या काळात त्यांच्या पाठीशी राहिले होते, त्याचे फळ जून १९८० मध्ये मिळाले. कुलाब्याचे रायगड हे नामकरण आणि १ मे १९८१ रोजी झालेली सिंधुदुर्ग जिल्ह्याची निर्मिती अंतुलेंच्या कारकिर्दीतली आहे. सिमेंटवाटप आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. नंतर बाबासाहेब भोसले यांचे नाव दिल्लीहून आले तेव्हा महाराष्ट्रातले आमदारही चकित झाले. मुख्यमंत्री आमदारांनी निवडायचा की दिल्लीने पाठवायचा, या प्रश्नाचे उत्तर त्या काळात ठरून गेले होते, आणि काँग्रेसची गावपातळीवरची मुळे सैल व्हायला येथूनच सुरुवात झाली, असे माझे मत आहे.

गिरणी संपात त्यांनी काय केले?

कोकणच्या दृष्टीने पुरेसे काही नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांत आपल्या जिल्ह्यांतले हजारो होते. केंद्राने तडजोडीसाठी हात पुढे केला नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने घेतले, पण तोवर पुष्कळ चाकरमानी बिऱ्हाड आवरून गावी आले होते.

त्या एकूण किती वर्षे पंतप्रधान होत्या?

दोन्ही कालखंड मिळून सोळा वर्षांना काही दिवस कमी. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात सैन्य पाठवण्याचा निर्णय झाला आणि ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी त्यांच्या दोन अंगरक्षकांनी त्यांची हत्या केली.

समुद्राकाठच्या बांधकामबंदीशी त्यांचा काय संबंध?

सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरील बांधकामाच्या नियमांच्या, नोटिसा येऊ लागल्यापासून हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक विचारला जातो. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारपट्टीवरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले की, कमाल भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा सर्व प्रकारच्या उद्योग-बांधकामांपासून मोकळा ठेवावा. ही अचानक सुचलेली कल्पना नव्हती. १९७२ च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेला यजमान देशाबाहेरून गेलेल्या त्या एकट्याच सरकारप्रमुख होत्या. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा त्यांच्या सरकारने केला. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते मिळाले त्यांच्या पश्चात, १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने, आणि तेव्हा ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही असे ठरले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत ही मर्यादा ५० मीटरवर आणली आहे.

रापणकराला विचारले तर तो या पत्राच्या बाजूने बोलेल. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे आणि त्याचे दोन्ही दोर पुळणीवरून माणसांनी ओढायचे, याला किनारा मोकळाच लागतो. हॉटेलची भिंत मध्ये आली की दोर कोठे न्यायचा? मात्र ज्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या माडांच्या बागेत आहे, त्याचा अनुभव वेगळा आहे. आमचे घर पाण्यापासून सव्वाशे मीटरवर आहे. एका पावसाळ्यात पडवीची भिंत खचली. जुन्या घराच्या दुरुस्तीला नियमात मुभा आहे, तरीही भरतीरेषा आमच्या जागेच्या नकाशावर नेमकी कोठून जाते हे सांगायला एका कचेरीत कोणीच तयार नव्हते, आणि दोन पावसाळे आम्ही ताडपत्रीखाली काढले. परवानगीचा कागद अखेर आला तेव्हा सोबतच्या नकाशात ती रेषा माडांच्या दुसऱ्या रांगेतून गेलेली होती. उधाणाचे पाणी पहिल्या रांगेच्या आत आजवर आलेले नाही.